मुळाशी कोण राहतं?

गेल्या पावसाळ्यात मी एक मूर्खपणा केला, तो आधी सांगून टाकते. परसात तण काढताना घेवड्याचा एक वेल उपटून आला. पाहते तो मुळांवर मोहरीएवढ्या गाठीच गाठी! मला वाटलं, रोग पडला. उरलेले चारही वेल मी उपटून टाकले.

शेजारच्या वहिनी कृषी महाविद्यालयात शिकवतात. त्यांनी पाहिलं नि कपाळाला हात लावला. "अहो, हा रोग नव्हे, हे तर खताचं कोठार!" एक गाठ त्यांनी नखानं फोडून दाखवली. आत गुलाबी रंग होता. गुलाबी म्हणजे गाठ कामावर आहे!

या गाठींत रायझोबियम नावाचे जीवाणू राहतात. हवेतला नत्र झाडाला थेट घेता येत नाही. हे जीवाणू तो झाडाच्या उपयोगी रूपात आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. गाठींतले हे जीवाणू बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये प्रथम वेगळे करून वाढवले. गाठींबाहेर, मुळांना चिकटलेल्या मातीतही जीवाणूंची दाट वस्ती असते. तिला हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये 'रायझोस्फिअर' हे नाव दिले.

पण डोळ्यांना न दिसणारी ही मंडळी ओळखायची कशी? वहिनींनी मला ती रीत सांगितली. मुळाला चिकटलेली माती निर्जंतुक पाण्यात हलवायची. त्यातलं एक माप घेऊन नऊ मापं पाण्यात मिसळायचं, त्यातलं पुन्हा एक माप नव्या नऊ मापांत. ताकात पाणी घालून ते पातळ करत जावं, तसंच! शेवटचा थेंब बशीतल्या थिजलेल्या खाद्यावर पसरायचा. दोन-तीन दिवसांत ठिपके उमटतात. कुणी पांढरा, कुणी पिवळा, कुणी गुलाबी. साधारणपणे एका जीवाणूपासून एक ठिपका. ठिपके मोजायचे, वेगवेगळे ठिपके निवडून पुन्हा वाढवायचे.

बशीतलं ते खाद्य थिजतं कशानं, ठाऊक आहे? आपल्या चायना ग्रासनं! ही देणगी एका गृहिणीची. १८८१ मध्ये वॉल्टर हेस हे बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करीत. त्यांचं जिलेटिन उन्हाळ्यात वितळून जाई, शिवाय काही जीवाणू ते पातळही करीत. पत्नी फॅनी यांच्या जेल्या मात्र घट्ट राहत. कारण विचारलं, तेव्हा त्यांनी अगारचं नाव सांगितलं. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्या ते शिकल्या होत्या. कॉख यांनी १८८२ च्या लेखात अगारचा उल्लेख केला, पण फॅनीबाईंचा नाही. स्वयंपाकघरातल्या अकलेचं श्रेय असंच हरवतं, नाही का?

तरी बशीत दिसतं ते थोडंच. मातीतल्या शंभर जीवाणूंपैकी जेमतेम एखादाच तिथे वाढतो, असा ढोबळ अंदाज आहे. कुणाला ते अन्न मानवत नाही, कुणाला शेजाऱ्याची सोबत लागते. म्हणून आता मातीतला डीएनए वाचूनही त्यांची ओळख पटवतात. पण पाकिटातून मिळणारं जीवाणू खत तयार करायचं, तर जीवाणू आधी वाढवताच यावा लागतो.

तेव्हा घेवडा, वाल, मटार लावणार असाल, तर एवढं करा. त्या-त्या पिकाचंच जीवाणू खत आणा. हरभऱ्याचं भुईमुगाला चालत नाही. गुळाच्या गार पाण्यात कालवून ते बियांना हलक्या हाताने चोळा, बिया सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. पाकीट उन्हात ठेवू नका. आत जिवंत विरजण आहे. युरियाचा मारा केलात, तर गाठी कमी धरतात.

आणि गाठी दिसल्या, तर घाबरू नका. मुळाच्या कडेला लागलेली गाठ सहज सुटून येते. मूळच जागोजागी सुजलेलं असेल, तर मात्र ते सूत्रकृमींचं काम. शेंगा संपल्या की वेल बुंध्याशी कापा आणि मुळं मातीतच राहू द्या. यंदा मीही तसंच करणार आहे.