पावसातली हार आणि लोकांचा राग

फुटबॉल हा पायांनी खेळायचा खेळ आहे. एका बाजूला अकरा गडी, दुसऱ्या बाजूला अकरा गडी. चेंडू पायाने मारत न्यायचा आणि समोरच्या दोन खांबांमधून आत घालायचा. आत गेला की गोल झाला. त्या खांबांपुढे जो गडी उभा असतो, तो गोलरक्षक. चेंडू हाताने धरायची मुभा त्याला एकट्याला असते. खेळ ९० मिनिटं चालतो. ज्यांचे गोल जास्त, ते जिंकले.

खेळ एवढा साधा. पण या खेळातल्या एका हारीमुळे एका देशाची राजधानी खवळून उठली होती. ती हकीकत आम्ही इथे सांगणार आहोत. ती नुसती खेळाची हकीकत नाही. हार झाली म्हणजे माणसं कशी वागतात, याची ती हकीकत आहे.

हंगेरीचा नामांकित संघ

युरोपात हंगेरी नावाचा देश आहे. बुडापेस्ट ही त्याची राजधानी. १९५४ साली त्या देशाची वस्ती एक कोटीसुद्धा नव्हती. पण त्यांच्या फुटबॉल संघाचं नाव जगभर गाजत होतं.

१९५२ साली हेलसिंकी इथे ऑलिंपिकचे सामने झाले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आपले खाशाबा जाधव तिथेच कुस्तीत कांस्यपदक जिंकले. त्याच ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचं सुवर्णपदक हंगेरीने नेलं. पुढच्या वर्षी त्यांनी इंग्लंडला इंग्लंडमध्ये जाऊन ६ विरुद्ध ३ गोलांनी हरवलं. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या कुठल्याही देशाला तोवर हे जमलं नव्हतं. देशादेशांच्या सामन्यांत हा संघ मे १९५० नंतर चार वर्षं हरलाच नव्हता.

१९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये जागतिक स्पर्धा भरली. सुरुवातीलाच हंगेरीने पश्चिम जर्मनीला ८ विरुद्ध ३ गोलांनी लोळवलं. मग ब्राझील हरलं, उरुग्वे हरलं. शेवटच्या सामन्यात पुन्हा पश्चिम जर्मनीच समोर आली. हंगेरीचे लोक म्हणाले, "आता काय, चषक आपलाच!"

चार जुलैचा पाऊस

४ जुलै १९५४ रोजी बर्न शहरात हा सामना झाला. त्या दिवशी पाऊस लागला होता. मैदान ओलंचिंब झालं. तरीही सुमारे ६०,००० लोक पाहायला आले. बुडापेस्टमध्ये लोक रेडिओला कान लावून बसले.

आठ मिनिटांत हंगेरीने दोन गोल केले. लोकांना वाटलं, झालं काम. पण अठरा मिनिटं होईतो जर्मनीनेही दोन गोल करून बरोबरी साधली. मग बराच वेळ गोल होईना. सामना संपायला सहा मिनिटं उरली असताना जर्मनीच्या हेल्मुट रानने तिसरा गोल केला. त्यानंतर हंगेरीच्या पुश्काशने चेंडू आत घातला. पण रेषेवरच्या पंचाने झेंडा वर केला. पुश्काश नियमापेक्षा पुढे जाऊन उभा होता, असं त्याचं म्हणणं. तो गोल धरला नाही. हंगेरी ३ विरुद्ध २ अशी हरली.

पावसाने काय केलं?

पावसात हा खेळ बदलतो. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ओल्या बांधावरून चालताना आपण पाय रोवून टाकतो, नाहीतर घसरतो. तसंच इथे. त्या काळचा चेंडू चामड्याचा असे. तो पाणी पिऊन जड होई. गवतावर पाणी साचलं की चेंडू मध्येच अडतो, नाहीतर हातातून निसटतो. हंगेरीचे गडी एकमेकांकडे भराभर चेंडू देत खेळायचे. चिखलात अशा खेळाला अडथळा येतो.

जर्मनीने मात्र आधीच तयारी केली होती. फुटबॉलच्या बुटांना तळाशी खुंट असतात. बैलाच्या खुराला नाल मारतात ना, तसाच त्यांचा उपयोग. त्यांनी पाय रोवला जातो. आडी डासलर नावाच्या बूट बनवणाऱ्याने जर्मन संघाला फिरवून काढता-घालता येणारे खुंट दिले होते. पाऊस आला तसे त्यांनी लांब खुंट बसवले. शिवाय जर्मनीचा कप्तान फ्रिट्झ वॉल्टर याला लढाईच्या दिवसांत हिवताप झाला होता. तेव्हापासून त्याला ऊन सोसत नसे, पावसात मात्र तो खुलून खेळे. आजही जर्मन लोक अशा पावसाळी हवेला त्याच्या नावाने ओळखतात.

पण सगळा दोष पावसावर टाकता येत नाही. पाऊस दोन्ही बाजूंवर सारखाच पडतो. त्याच मैदानात, पावसातच, हंगेरीने ब्राझीलला हरवलं होतं. शेवटच्या सामन्यातले पहिले दोन गोलही पावसातच झाले. मग हार का झाली?

कारणं अनेक होती. जर्मनीविरुद्धच्या पहिल्या सामन्यात कप्तान पुश्काशचा घोटा दुखावला होता, तो पुरता बरा झाला नव्हता. उरुग्वेशी सामना बरोबरीत सुटला म्हणून जादा वेळ खेळावा लागला होता. त्याचा थकवा अंगात होता. हंगेरीचे काही फटके खांबाला आणि वरच्या आडव्या दांडीला लागून परत आले. जर्मन गोलरक्षकाने कित्येक गोल अडवले. आणि पहिल्या सामन्यात जर्मनीने आपले बरेच मुख्य गडी राखून ठेवले होते. म्हणजे ८ विरुद्ध ३ हा आकडा फसवा होता. अशा दहा गोष्टी जमल्या आणि हार झाली.

राग कुणावर निघाला?

पण रागावलेल्या माणसाला दहा कारणं नको असतात. त्याला एक गुन्हेगार हवा असतो.

त्या रात्री बुडापेस्टच्या रस्त्यांवर लोकांचे लोंढे आले. दुकानांच्या काचा फुटल्या. प्रशिक्षक शेबेश आणि खेळाडू यांच्या नावाने शिव्याशाप झाले. कुणी उठवलं की, खेळाडूंनी जर्मन मोटारी घेऊन सामना विकला. याला पुरावा काही नव्हता. पण कंडी पिकायला पुरावा कशाला लागतो? खेळाडू आगगाडीने परत आले, तेव्हा त्यांना राजधानीच्या अलीकडच्या गावीच उतरवून घेतलं.

सगळ्यांत जास्त भोगलं ते गोलरक्षक ग्युला ग्रोशिच याने. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्याच्यावर हेरगिरीचा आरोप ठेवला. त्याचा खेळ बंद केला, पाळत ठेवली, पुन्हा पुन्हा चौकशी केली. वर्षाहून जास्त काळ हे चाललं. आरोप शाबीत झाला नाही. तरी त्याला त्याच्या संघातून काढून कोळशाच्या खाणीच्या गावातल्या संघात पाठवलं. कागदावर या आरोपाचा सामन्याशी संबंध नव्हता. पण सामना जिंकला असता, तर त्याच्या अंगाला हात लावायला कोण धजलं असतं? चोर सोडून संन्याशाला सूळ, ती ही गत.

रागाच्या पोटात काय होतं?

इथे आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हंगेरीत तेव्हा एकाच पक्षाची सत्ता होती. सरकारविरुद्ध बोलणाऱ्याला तुरुंग ठरलेला. गुप्त पोलिसांची भीती घरोघर होती. शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य घेतलं जाई. संघ जिंकला की, "पाहा आमचा कारभार!" असं सरकार मिरवी. लोकांना मिरवायला दुसरं काही नव्हतं. एक संघ होता, तोही हरला. मग मनात साठलेलं सगळं त्या रात्री बाहेर पडलं. फुटबॉल हे निमित्त झालं. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९५६ मध्ये, त्याच शहरात सरकारविरुद्ध मोठा उठाव झाला. त्याचं बीज या सामन्यानंतरच्या गर्दीत होतं, असं पुढे खुद्द ग्रोशिच सांगत असे.

म्हणून आम्ही त्या लोकांना नुसतं मूर्ख म्हणणार नाही. त्यांचं दुःख खरं होतं. पण ते चुकीच्या माणसांवर काढलं गेलं. ज्यांनी पावसात ९० मिनिटं घाम गाळला, ते खेळाडू काही कुणाचं धान्य नेत नव्हते.

आपण काय घ्यायचं?

१९५६ च्या उठावानंतर पुश्काश आणि त्याचे काही सोबती परदेशी गेले. तो संघ मोडला. पुढे काळ बदलला. आज हंगेरीत त्याच संघाला 'सोनेरी संघ' म्हणतात. २००२ साली बुडापेस्टच्या मोठ्या मैदानाला पुश्काशचं नाव दिलं. २००६ साली तो वारला, तेव्हा सरकारी इतमामाने त्याचा अंत्यविधी झाला. ज्यांना एकदा शिव्या दिल्या, त्यांनाच लोकांनी डोक्यावर घेतलं. पण ग्रोशिचचं वाया गेलेलं ते वर्ष कुणाला परत देता आलं नाही.

आपल्या गावीही जत्रेत कुस्त्या होतात, कबड्डीचे सामने होतात. खाशाबा पदक घेऊन आले, तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांनी त्यांची मिरवणूक निघाली. जिंकलेल्याची मिरवणूक काढणं सोपं आहे. हरलेल्याला घरी नीट आणणं अवघड आहे, आणि तेच गावाचं खरं काम आहे.

आपला गडी हरला, तर आधी त्याला पाणी द्या. त्याला कुठे लागलंय ते पाहा. कारणं काढायची ती दुसऱ्या दिवशी, डोकं शांत झाल्यावर, त्याला जवळ बसवून काढा. कुणी म्हणालं, "त्याने पैसे खाल्ले", तर त्याला विचारा, "तू पाहिलंस का?" पंचाच्या अंगावर धावून जाऊ नका. आणि मनात राग दुसऱ्याच गोष्टीचा असेल, तर तो जिथला तिथे, ग्रामसभेत उभं राहून बोला. बिचाऱ्या खेळाडूच्या दारावर दगड मारून तो प्रश्न सुटत नाही.