उपग्रहाधारित स्थाननिश्चिती आणि तिच्या आकड्यांची विश्वसनीयता

गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत जंगलाला लागून धानाच्या बांध्या आहेत. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या अशा वनजमिनीवर २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये पात्र कुटुंबास चार हेक्टरांपर्यंत हक्क मिळू शकतो. आणि महाराष्ट्रात अशा दाव्यांच्या मोजणीत हाती धरण्याची जी.पी.एस. यंत्रे वापरली गेली आहेत. यंत्राच्या पडद्यावर ‘अचूकता ३ मीटर’ असे झळकते. हा आकडा नेमके काय सांगतो, हे ध्यानी घेतल्यावाचून त्यावरून कोणाचे क्षेत्र ठरविणे न्याय्य होणार नाही.

जी.पी.एस. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर काढते. स्थानाची तीन अज्ञाते आणि यंत्राच्या साध्या घड्याळाची चूक हे चौथे, म्हणून किमान चार उपग्रह दिसावे लागतात. ते आकाशात एकाच बाजूस दाटले असल्यास अंतरातील अल्प चूक स्थानात वाढून उतरते. ही वाढ किती, ते ‘डी.ओ.पी.’ हा अंक दाखवितो. मात्र सागाच्या पानांतून क्षीण झालेला किंवा खोडांवरून परावर्तित होऊन आलेला संदेश या अंकाच्या हिशेबात येत नाही. पडद्यावरील अचूकताही यंत्राने बांधलेला संभाव्य अंदाजच होय, हमी नव्हे.

येथे परिशुद्धता व अचूकता यांतील भेद महत्त्वाचा आहे. वाचने परस्परांशी जुळणे ही परिशुद्धता. सत्य स्थानाशी जुळणे ही अचूकता. आयनांबरातील विलंब हे याचे चांगले उदाहरण. त्याचा विषुववृत्तीय शिखरपट्टा भारतात भोपाळच्या आसपास असतो व गोंदिया त्यापासून फार दूर नाही. एकाच कंप्रतेवर चालणाऱ्या यंत्रात ही चूक अल्पावधीत घेतलेल्या सर्व वाचनांत जवळजवळ सारखी उतरते. बांधीचे क्षेत्र बरोबर येते, पण संपूर्ण बांधी नकाशावर सरकून शेजाऱ्याच्या किंवा राखीव वनाच्या हद्दीत शिरते. उलटपक्षी, चारही कोपऱ्यांच्या चुका स्वतंत्र असतील, तर क्षेत्रच बिघडते. चौरस एकराची बाजू सुमारे ६४ मीटर व कर्ण ९० मीटर; प्रत्येक अक्षावर ३ मीटरांची प्रमाणचूक धरल्यास क्षेत्रातील प्रमाणचूक सुमारे २७० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सात टक्के होते. लहान धारकास ती जड पडते. तीच चूक चार हेक्टरांत सुमारे दोन टक्क्यांवर येते.

आधारपृष्ठाची गफलत याहून मोठी असते. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्टच्या विवृत्ताभावर, मध्यप्रदेशातील कल्याणपूर हा आरंभबिंदू धरून आखलेले आहेत, जी.पी.एस. मात्र ‘डब्ल्यू.जी.एस. ८४’ वापरते. रूपांतर न करता एकाचे अक्षांश-रेखांश दुसऱ्यावर मांडल्यास गोंदियाच्या परिसरात शंभर मीटरांहून अधिक अंतर पडते. अशा वेळी अनेकदा दोष यंत्रास दिला जातो, ही खेदाची गोष्ट.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स जाळ्याशी जोडलेले यंत्र मोकळ्या जागी काही सेंटिमीटरांपर्यंत पोहोचते. पण ‘फिक्स’ स्थितीत असेल तरच, ‘फ्लोट’ स्थितीत नव्हे. घनदाट वनात संपर्क तुटतो, तेथे मोकळ्यावरील दोन बिंदू निश्चित करून टोटल स्टेशनने कोपरे जोडणे हाच भरवशाचा मार्ग. टिपणवहीत आधारपृष्ठ, यंत्राचा प्रकार, वेळ, डी.ओ.पी. आणि फिक्स-फ्लोटची नोंद असावी, तसेच प्रत्येक कोपरा काही तासांच्या अंतराने पुन्हा मोजलेला असावा.