अर्धांगवायू आणि व्यायामाची मात्रा

घरातील वडीलधाऱ्या माणसाचा एक हात व पाय अकस्मात लुळा पडावा, वाचा अडखळावी, असा प्रसंग आपल्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. मग आप्तेष्टांत दोन पक्ष पडतात. ‘त्यांना मुळीच हलवू नका,’ असे एक म्हणतो. ‘जितके चालवाल तितके लवकर बरे होतील,’ असे दुसरा. आमच्या शेजारच्या आजोबांच्या उशाशी हे दोन्ही पक्ष कडाडून भांडताना मी ऐकले आहेत.

मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली अथवा फुटली, म्हणजे तेथील पेशी मरतात. त्या परत येत नाहीत. परंतु उरलेला मेंदू सरावाने गेलेली कामे काही अंशी पुन्हा शिकतो. शिवाय पडून राहणेही निर्धोक नव्हे. पाठीस व्रण पडतात, पायांत रक्त साखळते, फुप्फुसे बिघडतात. तेव्हा व्यायाम जितका लवकर व जितका अधिक तितका बरा, हे कोणासही पटावे.

या समजुतीची परीक्षा ऑस्ट्रेलियातील ज्यूली बर्नहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील ५६ रुग्णालयांत घेतली. रुग्ण २१०४ होते. सुमारे निम्म्यांस झटक्यानंतर २४ तासांच्या आत उठवून वारंवार व अधिक काळ चालते-फिरते केले. इतरांची शुश्रूषा नेहमीप्रमाणे झाली. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकणारे पहिल्या गटात शंभरांत ४६ निघाले, दुसऱ्यात ५०! यावरून मात्र कोणी अंथरूण धरून ठेवू नये. दुसऱ्या गटातील पुष्कळ रुग्णही पहिल्या दिवसाच्या सुमारासच उठले होते. पुढील छाननीत असे दिसले, की थोडा थोडा वेळ, पण अनेकदा उठवणे हितकर.

कष्टाच्या सरावाची वेळ नंतर येते. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात, झटक्यास तीन ते नऊ महिने लोटल्यावर, धडधाकट हात मोज्यात अडकवून दोन आठवडे दुबळ्या हाताकडूनच कामे करवून घेतली. त्या हाताची काम करण्याची क्षमता स्पष्टपणे वाढली, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. मनगट व बोटे थोडी तरी हलणाऱ्यांनाच त्यात घेतले होते, हे विसरता कामा नये.

घरी घेण्याची एक खबरदारी डॉक्टर व व्यायामतज्ज्ञ आवर्जून सांगतात. लुळा हात धरून रुग्णास ओढू नये. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असल्याने सांधा निखळू लागतो. आमच्या शेजारच्या आजोबांना प्रेमापोटी तसेच ओढून उठवीत असत. पुढे ते काठी घेऊन अंगणापर्यंत चालू लागले. खांद्याची कळ मात्र गेली नाही.