आजोबांचे हैदराबाद आणि माझी चौकशी

आमच्या जळकोटकरांना हैदराबाद परके नाही. उदगीरला रेल्वेत बसले की भालकी, बीदर, जहिराबाद, विकाराबाद करीत गाडी आपल्याला तिथे नेऊन सोडते. १९५६ पर्यंत तर तीच आमची राजधानी होती. त्यामुळे हैदराबादला जाण्यापूर्वी काही माहिती काढावी लागते, हे आमच्या घरात कुणाच्या मनातही आले नाही. शिवाय वाटाड्या घरातच होता. आजोबांनी १९६५ साली, शाळकरी वयात, सालारजंग संग्रहालय पाहिले होते.

काचबिंदूने आजोबांची नजर उतरत चालली आहे. "ते घड्याळ एकदा पुन्हा बघू दे लेकरा," एवढेच त्यांचे मागणे. त्या घड्याळातून दर तासाला एक चिमुकला माणूस बाहेर येतो आणि ठोके देतो. आम्ही दोघे निघालो. रिक्षावाल्याला आजोबांनी ऐटीत सांगितले, "दिवाण देवडी!" त्याने बिचाऱ्याने तिथे नेले. समोर भर बाजार. संग्रहालयाचा पत्ता नाही! १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय उघडले ते दिवाण देवडीत, हे खरेच. पण १९६८ साली ते मुसी नदीकाठच्या नव्या इमारतीत गेले. आजोबांची माहिती चुकीची नव्हती, जुनी होती.

विचारीत विचारीत नव्या इमारतीपाशी पोहोचलो, तर फाटक बंद. वार शुक्रवार, शुक्रवारी संग्रहालयाला सुटी असते. इथे मात्र दोष आजोबांचा नव्हे, प्रस्तुत लेखकाचा. खिशात मोबाइल होता, त्यावर मी आठवडाभर बिर्याणीची चित्रे पाहिली होती. सुटीचा वार तेवढा पाहिला नव्हता. आजोबा फाटकाचे गज धरून थोडा वेळ उभे राहिले. काही बोलले नाहीत, तेच मला जास्त लागले.

दुसऱ्या खेपेला मी रीतसर अभ्यासाला बसलो. ग्रंथालयात एक प्रवासमार्गदर्शक मिळाले. त्यात हैदराबाद अजून आंध्र प्रदेशात होते. २ जून २०१४ ला तेलंगण राज्य झाले, तेव्हा पर्यटन खात्याच्या पाट्या व पत्तेही बदलले. २०१७ साली सुरू झालेल्या मेट्रोचा त्यात मागमूस नव्हता. म्हणून ते पुस्तक फेकून द्यायचे काय? मुळीच नाही. चारमिनार मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ साली बांधला, ही माहिती शिळी होत नाही. शिळे होतात ते वेळा, तिकिटाचे दर, रस्ते आणि दूरध्वनी क्रमांक. तेव्हा इतिहास पुस्तकातून घ्यावा आणि वेळापत्रक त्या स्थळाच्या अधिकृत संकेतस्थळावरून. तेही निघण्याच्या एक-दोन दिवस आधी पुन्हा ताडून पाहावे. इतरांनी टाकलेल्या माहितीवर आधी तारीख शोधावी. तारीख नसेल तर ती आजोबांची आठवण समजावी!

सुटीचा वार सगळीकडे एकच असता तर बरे झाले असते. सालारजंग शुक्रवारी बंद, तिथलेच नेहरू प्राणिसंग्रहालय सोमवारी. आपल्याकडे अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी. सहलीचा बेत आखणाऱ्या आमच्या मित्रमंडळाने हे वार वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. अजिंठ्याला स्वतःची गाडी थेट लेण्यांपर्यंत नेता येत नाही. फर्दापूरजवळ उतरून तिथली बस धरावी लागते. त्या वेळेचा हिशेब कुणी करीतच नाही.

आणखी एक. "बघण्यासारखे काय आहे?" यापेक्षा "आमच्यासारख्यांना ते बघता येईल का?" हा प्रश्न महत्त्वाचा. गोवळकोंड्यावर बालाहिसारला जायला साडेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. चित्रांत त्या दिसत नाहीत. आजोबांना मी खाली दरवाजातच बसवले. तिथे वाजवलेली टाळी वर ऐकू येते, म्हणून तीन टाळ्यांची खूण ठरवून मी वर चढलो. पण खाली जो येईल तो टाळ्या वाजवत होता. त्यांतल्या आजोबांच्या कोणत्या, हे काही मला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, साडेअकरालाच घड्याळासमोर जागा धरली. बाराची वेळ मुद्दाम निवडली होती, कारण तेव्हा ठोके सर्वांत जास्त. चिमुकला माणूस बाहेर आला. आजोबांना तो नीट दिसला की नाही, मी विचारले नाही. ते डोळे मिटून बोटांवर ठोके मोजत होते.