कॉम्प्युटर मधेच बंद पडतोय? एसएमपीएस लोडवर तपासा

चिखली : पीकविम्याचा अर्ज भरता भरता कॉम्प्युटर रिस्टार्ट झाला, की सेवा केंद्रावरची रांग खोळंबते. संशय थेट मदरबोर्डवर जातो. पण आधी एसएमपीएस तपासणं स्वस्त पडतं.

हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरला, म्हणजे एसएमपीएस चांगलाच असं नाही. रिकामी गाडी कोणताही बैल ओढतो, खरा कस भरल्या गाडीला लागतो. म्हणून तपासणी कॉम्प्युटर चालू असतानाच करावी.

मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. एसएमपीएसच्या मोकळ्या चार पिनी कनेक्टरमध्ये काळी पिन काळ्या वायरला, लाल पिन पिवळ्या वायरला लावा. पिना एकमेकींना चिकटू देऊ नका. पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६, तर लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. मग गेम किंवा जड सॉफ्टवेअर लावून पुन्हा मोजा. आकडा या मर्यादेखाली घसरला, तर एसएमपीएस बदला. क्षणभराची घसरण मात्र मल्टीमीटरला दिसत नाही. आकडे बरोबर असूनही त्रास राहिला, तर दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहावा.

एसएमपीएसचा डबा घरी कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा करंट साठलेला असू शकतो.