बाखचा सूर काळी चारवर!

पियानो किंवा व्हायोलिनच्या ग्रेड परीक्षा दिल्यात? मग बाखशी तुमची गाठ पडली असणारच. पण आज तुमच्या हातात जे व्हायोलिन आहे, तसं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं! बाख गेला १७५० साली. तेव्हा व्हायोलिनला सारंगीसारख्या तातीच्या तारा असायच्या, बो बाहेरच्या बाजूला वाकलेला असायचा आणि हनुवटी टेकवायला वेगळा तुकडा नसायचा. मग त्याचं संगीत त्या काळी नेमकं कसं वाजत असेल?

हाच प्रश्न घेऊन चक्क मास्टर्स करता येतं. विषयाचं नाव ‘हिस्टॉरिकल परफॉर्मन्स’.

सूरच वेगळा

पेटी शिकलेल्यांना हे पटकन कळेल. मधल्या सप्तकातली पांढरी सहा आज ४४० हर्ट्झला लावतात. बरोक काळातलं संगीत वाजवताना हे विद्यार्थी तोच सूर साधारण ४१५ला लावतात. म्हणजे थेट काळी चार! अर्थात, त्या काळी सगळीकडे एकच पट्टी नव्हती, ती गावागणिक बदलायची. ४१५ हा आजच्या वादकांनी सोयीसाठी काढलेला मधला मार्ग.

कागदावर नसलेलं वाजवा

खरी मजा पुढे आहे. हार्प्सिकॉर्ड वाजवणाऱ्यासमोर अनेकदा फक्त खालच्या सुरांची ओळ आणि काही आकडे असतात. त्यावरून बाकीची साथ त्यानं जागच्या जागी रचायची. आपल्याकडे पेटीवाला गायकाला साथ करताना समोर कागद ठेवत नाही, तसंच काहीसं.

फरक एवढाच, की आपल्याकडे अडलं तर गुरूला विचारता येतं. इथे ती साखळी बरीचशी तुटलेली आहे आणि त्या काळचं रेकॉर्डिंग तर नाहीच. उरली पुस्तकं. बासरीवरचं क्वान्त्सचं १७५२चं, व्हायोलिनवरचं लिओपोल्ड मोझार्टचं, म्हणजे प्रसिद्ध मोझार्टच्या वडिलांचं, १७५६चं. ती वाचायची, वाद्यावर करून बघायची आणि त्यावर वाद घालायचे. त्यामुळे इथे नुसती बोटं तयार असून भागत नाही, वाचनाचीही आवड लागते.

कुठे शिकाल?

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलची ‘स्कोला कँटोरम बाझिलिएन्सिस’ ही १९३३ पासूनची संस्था या विषयातली मोठी पंढरी. नेदरलँड्समध्ये हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटॉयरमध्ये मास्टर्स इंग्रजीतून करता येतं. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्ये हा विभाग २००९ मध्ये सुरू झाला. त्यांच्या वाद्यवृंदाच्या नावातच ४१५ आहे! प्रवेश मिळाला तर तिथलं शिक्षण शुल्क माफ असतं. पण न्यूयॉर्कमध्ये राहण्या-खाण्याचा खर्च किती, हे वेगळं सांगायला नको. प्रवेशाच्या अटी दरवर्षी त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासाच.

आणि पोटापाण्याचं काय?

इथे गुलाबी चित्र रंगवणार नाही. या क्षेत्रातले बरेच वादक कायम नोकरीत नसतात. आज या शहरात कार्यक्रम, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या, मधल्या वेळात शिकवण्या, असं चालतं. वाद्य स्वतःचं लागतं आणि ते स्वस्त नसतं. भारतात परतल्यावर याच विषयात पूर्णवेळ नोकरी मिळेल, या भरवशावर कर्ज काढू नका. मात्र मुंबई-गोव्यात पाश्चात्त्य संगीत शिकणारी मुलं आहेत. त्यांना ‘असंच का वाजवायचं?’ याचं उत्तर देणारा शिक्षक मिळाला तर हवाच आहे.

आधी हे करून बघा

बाखची एकच रचना दोनदा ऐका. एकदा आजच्या वाद्यांवर, एकदा जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर. मग युरोपात उन्हाळ्यात होणाऱ्या एखाद्या छोट्या कोर्सची चौकशी करा. तातीच्या तारा हवेतल्या ओलाव्यानं सारख्या उतरतात, पुन्हा पुन्हा लावाव्या लागतात. तेव्हा वैताग आला, तर मास्टर्सचा विचार सोडा. आणि वेळ कसा गेला ते कळलंच नाही, तर अर्ज भरायला घ्या!