मद्यपाशातून सुटका : आधारगट शोधावा कसा?

गटारी अमावास्या उरकली की श्रावणभर दारूला स्पर्श न करणारी माणसे आपल्याकडे घरोघरी आढळतात. महिनाभर राहता आले म्हणजे आपल्याला व्यसन नाही, अशी त्यांची समजूत असते. खरी परीक्षा भाद्रपदात सुरू होते. व्यसनमुक्ती केंद्रातून उपचार घेऊन परतलेल्याचीही गत तीच. केंद्रात दिवस आखलेला असतो. घरी आल्यावर तोच नाका, तेच मित्र आणि तीच रिकामी संध्याकाळ समोर उभी राहते. ही संध्याकाळ पार पाडण्यासाठी आधारगट असतो आणि म्हणूनच तो शक्यतो घरापासून सहज जाता येईल अशा अंतरावर असावा.

दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात आणि त्यातील ५ कोटी ७० लाखांहून अधिक जणांना मदतीची गरज आहे. मात्र दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या प्रकारचे उपचार वा साहाय्य मिळाल्याचे आढळले.

आधारगटांमध्ये सर्वाधिक परिचित आहे ती ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ऊर्फ ‘ए.ए.’. अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात १९३५ मध्ये शेअर बाजारातील बिल विल्सन आणि शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून ती जन्मली. एका मद्यपीची व्यथा दुसरा मद्यपी जितकी जाणतो तितकी इतर कोणी जाणत नाही, हा तिचा पाया. सदस्यत्वाची अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. शुल्क नाही, बाहेरच्यांच्या देणग्या स्वीकारल्या जात नाहीत. खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. सभेत सदस्य स्वतःचे अनुभव सांगतात, उपदेश कोणी करत नाही. नवख्याने नुसते ऐकले तरी चालते. ‘फक्त आजचा दिवस’ दारूविना काढायचा, एवढेच उद्दिष्ट असते. बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमात ईश्वराचा उल्लेख येतो. परंतु तो ज्याच्या-त्याच्या आकलनानुसार घ्यायचा असून संघटना कोणत्याही धर्माशी बांधलेली नाही.

याचा उपयोग होतो का? या विषयावरील २७ अभ्यासांचा ‘कॉक्रेन’ने २०२० मध्ये आढावा घेतला. रुग्णाला पद्धतशीरपणे ए.ए.कडे वळवणारे उपचार, दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरत असल्याचे त्यात दिसून आले.

आपल्या भागातील गट शोधण्याचे मार्ग अनेक आहेत. ए.ए.च्या भारतातील संकेतस्थळावर सभांची माहिती असते. मात्र जागा व वेळ बदलू शकते, म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनी करून खात्री करावी. सभेची भाषाही विचारावी. मनातले बोलायचे ते मायबोलीतच सुचते. शासकीय रुग्णालयांचे मानसोपचार विभाग आणि तेथील समाजसेवक हे दुसरे ठिकाण. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात उभारलेले ‘मुक्तांगण’, फादर ज्यो परेरा यांनी मुंबईत स्थापलेले ‘कृपा फाउंडेशन’ यांसारख्या संस्थांकडेही चौकशी करता येते. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही मार्गदर्शन करते.

‘तिथे ओळखीचे कोणी भेटले तर?’ ही भीती अनेकांना दारातूनच परत फिरवते. भेटले, तर तेही त्याच कारणासाठी आलेले असतात. सभेतील नावे व गोष्टी बाहेर न्यायच्या नाहीत, हा दंडक दोघांनाही लागू असतो. तरीही संकोच वाटला तर सुरुवातीच्या काही सभा दूरच्या उपनगरात कराव्यात. पुढे मात्र जवळचा गट धरावा. रात्री नऊ वाजता पिण्याची ओढ अनावर झाली, तर चार गल्ल्यांपलीकडचा सदस्य येऊ शकतो. दुसऱ्या टोकाचा नाही. पहिल्याच गटात मन रमले नाही, तर दुसरा पाहावा. तीन-चार ठिकाणी बसल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याविना दारू एकाएकी बंद करू नये. हातपाय थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार पहिल्या काही दिवसांत उद्भवतात आणि ते जिवावरही बेतू शकतात. गट हा डॉक्टरांना पर्याय नव्हे. शिवाय ‘हमखास’ सुटकेची हमी देणाऱ्यांपासून, रुग्णाच्या नकळत जेवणात औषध घालायला सांगणाऱ्यांपासून किंवा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करायला लावणाऱ्यांपासून दूर राहावे.

कुटुंबीयांसाठी १९५१ पासून ‘अल-अनॉन’ हे स्वतंत्र गट चालतात. ‘मुक्तांगण’मध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. घरातील पिणारा माणूस कुठेही जायला तयार नसला, तरी पत्नीने किंवा आईने आपल्यापुरती सुरुवात करायला हरकत नाही. बाटल्या लपवणे, कार्यालयात खोटी कारणे सांगणे हे आपण का करत होतो, ते तेथे उमगू लागते.

वाटेत पाय घसरतोही. अशा वेळी शरमेने गट सोडणे, हीच मोठी हानी. प्यायलो म्हणून तेथे कोणी दार बंद करत नाही. पुढच्या सभेची वेळ पाहून पुन्हा जाऊन बसावे.